पंक्तिप्रपंच

आमच्या घरी वायफाय आलं त्या दिवशी आईने एकच प्रश्न विचारला, "महिन्याचे किती?" मी आकडा सांगितला. ती "हं" म्हणाली. आईचं "हं" म्हणजे नुसती पोच असते, प्रकरण मिटलेलं नसतं. ते तिसऱ्या रात्री, आमटीची दुसरी वाटी माझ्या पानात ओतताना पुन्हा सुरू झालं.

"ते सगळ्यांच्या फोनला लागलं ना?"

"लागलं."

"टीव्हीलासुद्धा?"

"हो."

"खाली घरमालकांच्या नातवाला पण तू दिलंस म्हणे."

"अभ्यासाला लागतं गं त्याला."

"आणि माझ्या फोनला?"

मी भाताचा डोंगर उगाचच पुन्हा रचायला घेतला. आईने पळी पातेल्यात ठेवली. "पैसे एकाच घरातून जातात. टीव्हीला वाढता, शेजाऱ्याच्या पोराला वाढता, आणि माझा फोन तेवढा उपाशी. तुझ्या आजोबांनी लग्नाच्या पंगतीत असला पंक्तिप्रपंच पाहिला असता, तर आपोष्णी घेतल्यावरसुद्धा उठले असते."

बायको ताकात बघत होती. बघता बघता ती हसत होती, हे ताकालाही कळलं असावं.

आईचा फोन म्हणजे नोकिया ई६३. लाल रंगाचा, पोटावर टाइपरायटरसारखी अख्खी एबीसीडी मांडलेला. २००९ साली बाबांनी तो पुण्याला लक्ष्मी रोडवर घेतला, तेव्हा तो साहेबी फोन होता. खिशातून काढला की समोरचा आपल्याला मॅनेजर समजायचा. बाबा गेले, फोन आईकडे आला. आता त्यावरची काही अक्षरं झिजून कोरी झाली आहेत, पण आईला ती लागत नाहीत. बोटांना पाठ आहेत. स्पेसबार दाबून धरला की पाठीमागचा दिवा लागतो, ही त्या फोनची सगळ्यांत थोर विद्या.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदी पात्र सोडून चेन्नईत शिरली. पश्चिम मांबलममधल्या आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. वीज गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्या काचेच्या फोनांनी एकेक करून डोळे मिटले, आणि जिन्यातून चढउतार करायला सगळी बिऱ्हाडं आईच्या स्पेसबारवर आली. बोलणं कुणाशीच होत नव्हतं, टॉवर बंद होते. पण उजेड होता. तेव्हापासून "आई, नवीन फोन घेऊ या" हे वाक्य आमच्या घरात म्हणता येत नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. "पुरात कुणाचा दिवा लागला होता?" एवढंच आई म्हणाली, आणि मी माझा महागडा फोन पालथा ठेवला.

त्यात मी पडलो इंजिनियर. आईच्या लेखी इंजिनियर हा एकच प्रकार असतो. त्याला पूलही बांधता आला पाहिजे, मिक्सरही दुरुस्त करता आला पाहिजे. मी मेकॅनिकलचा आहे, गिअर पाहतो, हवेतून येणाऱ्या गोष्टी माझ्या अभ्यासक्रमात नव्हत्या, हे मी तिला गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. "नोकियाच्या कारखान्यासमोरून रोज जायचास ना?" हा तिचा बिनतोड मुद्दा.

जायचो खरा. २००७ साली मी पुण्याहून इथे श्रीपेरुंबुदूरच्या बाजूच्या एका कारखान्यात आलो. आईला श्रीपेरुंबुदूर म्हणजे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. मला ते कंपनीच्या बसच्या खिडकीतून दिसणारं नोकियाचं गाव. तिथला कारखाना २००६ मध्ये सुरू झाला होता. पाळी सुटायच्या वेळेला बाहेर बसची रांग, आणि बसमध्ये गजरे माळलेल्या मुलीच मुली. त्या काळी त्या कारखान्यातून इतके फोन बाहेर पडायचे, की आमच्या बसमधल्या प्रत्येकाच्या खिशात तिथला एखादा असावा, असं आम्ही धरूनच चालायचो. १ नोव्हेंबर २०१४ ला तिथलं काम थांबलं. पुढे २०१९ मध्ये ती जागा साल्कॉम्प नावाच्या, मूळच्या फिनलंडच्याच कंपनीने घेतल्याचं जाहीर झालं. ही कंपनी चार्जर बनवते. फोन गेला, चार्जर उरला. आमच्या ड्रॉवरमध्येही नेमकं हेच झालंय. आईचा ई६३ त्या कारखान्यात जन्मला की आणखी कुठे, हे सांगता येत नाही. बॅटरीखालचा कागद झिजून गेलाय. पण आईने तो श्रीपेरुंबुदूरचाच ठरवलाय, रामानुजाचार्यांमुळे.

एका शनिवारी दुपारी मी कामाला बसलो. ई६३ ला वायफाय कळतं, त्यात शंका नव्हती. पेटीवरच लिहिलेलं होतं, आणि पेटी आईने जपून ठेवली आहे. तिच्यात सध्या सुया-दोरे असतात. फोनमध्ये वायफाय जोडायला एक 'विझर्ड' बसवलेला आहे. विझर्ड म्हणजे जादूगार. हा जादूगार बराच वयस्कर निघाला. बराच वेळ तो हवेत हात फिरवत बसला, मग एकदम त्याने आजूबाजूची नेटवर्कं पडद्यावर मांडली. शेजाऱ्यांची नावं वाचण्यासारखी होती. एकाने क्रिकेटच्या प्रेमाने 'विसिल पोडू' ठेवलेलं, एकाने मुरुगनचं नाव दिलेलं, आणि एकाने 'स्वतःचं घे' अशा अर्थाचं तमिळ वाक्य. मधोमध आमचं. मी त्यावर बटण दाबलं. फोनने पासवर्ड मागितला.

पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

झालं होतं असं. वायफाय बसवायला जो पोरगा आला, तो हसतमुख होता. आईला तो "पाट्टी, पाट्टी" म्हणत होता. "मला पाटी का म्हणतो रे हा?" असं आईने मला कानात विचारलं. पाट्टी म्हणजे आजी, हे कळल्यावर त्याला बेसनाचा लाडू मिळाला. लाडू खाता खाता त्याने विचारलं, पासवर्ड काय ठेवू? निदान ८ अक्षरं लागतात, ६३ पर्यंत चालतात. आई म्हणाली, "देवाधर्माचं ठेव. चोराला टाइप करताना लाज वाटेल." आणि तिने सांगितलं, ज्ञानेश्वर तुकाराम. पोराने मान डोलावली, टाइप केलं, आमचे दोघांचे फोन आणि टीव्ही स्वतःच जोडून दिले आणि गेला. घरमालकांच्या नातवाने बायकोच्या फोनवर उमटलेल्या चौकटीचा फोटो काढला आणि तो जोडला गेला. ई६३ ला चौकटी कळत नाहीत. त्याला अक्षरंच हवीत.

मी तुकोबा-ज्ञानोबा मराठी वळणाने लिहिले. ज्ञ म्हणजे डी-एन-वाय, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. फोन म्हणाला, नाही. मग आठवलं, हिंदीवाले ज्ञ ला जी-वाय लिहितात. नाही. संस्कृतची पुस्तकं छापणारे जे-एन लिहितात. नाही. इकडे ज्ञानम हे नाव जी-एन ने लिहिलेलं सगळीकडे दिसतं. तेही नाही. मग श चा एस-एच की नुसता एस? कागद घेतला. ज्ञ चे ४, श चे २, मधे जागा सोडलीय की नाही याचे २, म्हणजे १६ प्रकार. एकेका प्रकाराला, त्या बटणांवर, माझ्या जाड बोटांनी, दीड मिनिट. सोळाही झाले. फोन प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे नाही म्हणाला. नव्या फोनांसारखा तो थरथरत नाही, लाल होत नाही. जुन्या हेडमास्तरांसारखा फक्त मान हलवतो.

पासवर्ड बसवणाऱ्या पोराला फोन लावला. तमिळमधली बाई लागली आणि तिने जे सांगितलं त्याचा अर्थ पोरगा आता या नंबरावर नाही, असा निघाला.

रविवारी मी रिची स्ट्रीटला गेलो. अण्णा सलैपासून जवळच, चिंताद्रिपेटच्या अंगाला ही गल्ली आहे. वायर, ट्रान्झिस्टर, सर्किट, कॅमेरे, सगळं इथे रस्त्यावर भाजीसारखं मांडलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा हा तमिळ चुलतभाऊ. ई६३ ची बॅटरी इथे अजून मिळते, त्यामुळे मला आशा होती. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने आईचा फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आतल्या आपल्या भागीदाराला हाक मारली, दोघांनी मिळून पाहिला. मग तो अत्यंत अदबीने म्हणाला, "इदु फोन इल्ल सार, म्यूसियम पीस." एग्मोरचं सरकारी संग्रहालय १८५१ पासून आहे, तिथे घेतील, असं भागीदाराने सुचवलं. वायफायचं विचारल्यावर दोघेही मनापासून हसले. पण फोन परत देताना त्याने तो स्वतःच्या शर्टाला पुसून दिला.

परत येताना बसस्टॉपशेजारी एक कल्याण मंडपम होता. चेन्नईत लग्नाच्या हॉलबाहेर वधूवरांची नावं फुलांनी इंग्रजीत लिहितात. झेंडूत वर, अबोलीत वधू. मी नुसता वाचत उभा होतो. वराचं नाव कार्तिक. के, ए, आर, टी, एच. झेंडूचा तो 'एच' माझ्यासमोर डोलत होता.

या शहरात मी इतकी वर्षं राहतोय. लताच्या, गीताच्या, सविताच्या प्रत्येक पाटीवर मी तो 'एच' पाहिलाय. इथे नुसता 'टी' म्हणजे ट. त हवा असेल तर एच जोडावाच लागतो. म्हणजे मी काल दुपारी सोळा वेळा फोनला 'टुकाराम' सांगत होतो. देहूच्या माणसाला टुकाराम म्हटल्यावर कुठला फोन दार उघडेल? मी तिथेच मोठ्याने "तुकाराम!" म्हणालो. शेजारचे गृहस्थ थोडे सरकून उभे राहिले.

घरी येऊन बायकोला ही कथा रंगवून सांगितली. ती म्हणाली, "माझ्या फोनात त्या चौकटीखाली अक्षरं लिहूनच येतात की." तिने दाखवली. जी-एन ने सुरू, श चा नुसता एस, जागा नाही, आणि तुकारामात एच.

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कागदावर गणित करत होतात."

आता फोन जोडला जाईल असं तुम्हाला वाटलं असेल, तसं मलाही वाटलं होतं. पासवर्ड बरोबर, बटणं बरोबर, तरी फोन नाही म्हणाला. या वेळी कारण वेगळं होतं आणि ते मला समजून घ्यायला दोन संध्याकाळी लागल्या. वायफायच्या दारावर कुलूप असतं, आणि कुलपांच्या पिढ्या असतात. पहिलं १९९७ चं, डब्ल्यूईपी. ते २००१ च्या सुमाराला लोकांनी इतकं सहज फोडून दाखवलं, की त्याला कुलूप म्हणणं म्हणजे दाराला सुतळी बांधण्यासारखं झालं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये त्याचा दुसरा अवतार, आणि २०१८ मध्ये तिसरा. ई६३ बाजारात आला तेव्हा तिसरा अवतार जन्माला यायला दहा वर्षं होती. आमच्या नव्या राउटरवर 'दुसरा आणि तिसरा, मिश्र' असं लिहिलं होतं. मिश्र म्हणजे दोघांनाही चालतं. पण 'शाकाहारी व मांसाहारी' पाटीच्या हॉटेलात शाकाहारी माणसाला जे वाटतं, तेच ई६३ ला वाटलं. त्याने पाटी वाचली आणि दारातूनच परतला.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे तुझं ते नवं यंत्र जुनी भाषा बोलत नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"खालचे काका बोलतात की."

हा टोमणा कळायला आमचे घरमालक माहीत हवेत. ते तंजावरचे मराठी. १६७६ च्या सुमाराला व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, त्यांच्याबरोबर जी घराणी गेली त्यांतलं एक. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी टिकवलीय. शब्द मराठी, हेल तमिळ, आणि मधूनच असा एखादा शब्द, की आपल्याला आपण गडावर उभे आहोत असं वाटतं. पहिल्या भेटीत त्यांनी आईची विचारपूस केली, तेव्हा ती मला हळूच म्हणाली होती, "हे बखरीतून उठून आल्यासारखे बोलतात रे." आज त्या दोघांचं जेवढं जमतं तेवढं माझं आणि माझ्या भावाचं जमत नाही. तमिळमध्ये निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'पोइट्टु वरेन' म्हणतात, जाऊन येतो. आपणही 'येतो' म्हणूनच जातो. काका दारातून "जाऊन येतो" म्हणतात, तेव्हा ते कोणत्या भाषेत बोलले हे त्यांनाही माहीत नसतं. "त्यांची मराठी जुनी," आई म्हणते, "पण लागते की नाही? मग माझा फोन का लागत नाही?"

लागणे हे क्रियापद तिने इतक्या अचूक जागी ठेवलं होतं, की मला उत्तर सुचेना.

त्यात आली खंडेनवमी. इकडे त्या दिवशी आयुधपूजा असते. बस, रिक्षा, लेथ, शिलाई मशीन, सगळ्यांना चंदन-कुंकवाचे टिळे लागतात, आणि रस्त्यारस्त्यात कोहळे फुटलेले असतात. स्कूटर त्यावरून घसरते, पण दुसऱ्या गाड्यांची दृष्ट निघते. आईने आपली खंडेनवमी आणि त्यांची आयुधपूजा एकत्रच उरकायची प्रथा पाडली आहे. विळी, माझा पाना, बायकोचा लॅपटॉप, आणि या वर्षी नवा राउटर, शेजारी ई६३. दोघांना सारखं हळदकुंकू. घरमालकीणबाईंनी शिवाय बजावलं, आज पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही, उद्या विजयादशमीला उघडायचं. बायकोने राउटर बंद करायला साफ नकार दिला. त्यावर तोड अशी निघाली की राउटर चालू राहील, पण त्याच्याकडे कुणी पाहायचं नाही.

त्याच दिवशी वाट वाकडी करून प्रसादाला आले आमचे विट्याचे शेजारी. त्यांचा गलाईचा धंदा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. ज्या शहरात सराफकट्टा, तिथे विट्याचा माणूस. चेन्नईत ते साहुकारपेठेत भट्टी चालवतात, गिऱ्हाइकाशी अस्खलित तमिळ बोलतात आणि आईशी अस्खलित विट्याचं. त्यांनी पूजेतला फोन उचलला. हात लावायचा नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातावर जोखला.

"काकू, ह्यात सोनं असतंय बघा."

आई सावरून बसली. "किती?"

खरंच असतं. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा हिशेब प्रसिद्ध आहे. १० लाख जुन्या फोनांमधून साधारण ३४ किलो सोनं निघतं. म्हणजे एका फोनात ३४ मिलिग्रॅम. गुंजेला साधारण सव्वाशे मिलिग्रॅम धरले, तर पाव गुंज. शेजारी म्हणाले, भट्टीत टाकायचा असेल तर कळवा, पण तेवढ्याला तेजाबाचा खर्च निघणार नाही. आईने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि पूजेत होता तिथे ठेवला. पण त्या दिवसापासून ती फोन चार्जिंगला लावते ते बेडरूमच्या आत, कपाटाशेजारी. पाव गुंज असली तरी सोन्याची वस्तू.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी सीमोल्लंघन केलं. राउटरच्या पोटाखालचा कागद वाचला, लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडला आणि यंत्राच्या माजघरात शिरलो. तिथे एक सोय सापडली. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. मुख्य नेटवर्क तसंच ठेवायचं, आणि शेजारी एक साधं नेटवर्क, दुसऱ्या अवताराच्या कुलपाचं, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं. आईच्या फोनला तेवढाच पट्टा ऐकू येतो. हा पट्टा आपल्याकडे जानेवारी २००५ पासून परवान्याशिवाय सगळ्यांना खुला आहे, म्हणून तिथे गर्दी फार. वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, आणि मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच रस्सा गरम करतो. पण भिंती ओलांडायला तोच बरा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगवान खरं, मात्र ते आमच्या देवघराच्या भिंतीशी येऊन चप्पल काढल्यासारखं थांबतं.

मी पाहुण्यांचं नेटवर्क सुरू केलं, पासवर्ड ठेवला १२३४५६७८, आणि ई६३ जोडला. जादूगाराने हात फिरवले. थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात इवलंसं चिन्ह उमटलं.

"आई, लागलं!"

ती धावत आली, चष्मा लावला, पडदा वाचला. चेहरा पडला. "हे काय लिहिलंय? गेस्ट?"

"पाहुण्यांची वेगळी पंगत आहे ती."

"मी पाहुणी?"

माझी चूक मला तात्काळ कळली. घरातल्या म्हातारीला पाहुण्यांच्या पंक्तीत बसवलं होतं, आणि टीव्ही घरच्या पंक्तीत बसून जेवत होता. नाव बदलावं लागणार. चेन्नईला हे नवं नाही. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी माणूस इथे आला आणि नाव बदलल्यावर त्याचं असं काही जुळलं, की आज अख्खं शहर रजनीकांत म्हटल्यावर शिट्टी वाजवतं. मी पाहुण्यांच्या नेटवर्कचं नाव 'घरचे' केलं आणि ई६३ त्याला नव्याने जोडून दिला. तेवढ्याने आईचं समाधान झालं नाही. मग बाकीच्यांचं काय? न्याय म्हणजे न्याय. मी मुख्य नेटवर्कचं नाव 'पाहुणे' केलं आणि सेव्ह दाबलं.

नेटवर्कचं नाव बदललं की त्याला जोडलेली प्रत्येक वस्तू तुटते. हे मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मालिकेतली सून अर्ध्या वाक्यात गोठली. बायकोची ऑफिसची मीटिंग गेली. माझा लॅपटॉप मला राउटरमध्ये परत घेईना. खालून नातवाची हाक आली, "अंकल, नेट पोच्चु!" सगळ्यांना नव्या नावाने, जुन्या पासवर्डने, त्या जी-एन आणि एच सकट पुन्हा जोडायचं होतं, आणि टीव्हीच्या रिमोटवर एकेक अक्षर शोधत जी ते टी हा प्रवास पायी पंढरपूरला जाण्याइतका लांब आहे. आम्ही ४० मिनिटं पंगतीबाहेर उभे होतो. त्या ४० मिनिटांत आमच्या घरात वायफायवर जेवणारा एकच पाहुणा होता, लाल रंगाचा, स्पेसबारवाला. आई झोपाळ्यावर बसून त्याच्याकडे पाहत होती. मधून एकदा तिने विचारलं, "तुमचं नाही का अजून लागलं?"

रात्री सगळं मार्गी लागल्यावर मी तिला म्हटलं, आता वापरून बघ तर खरं. फोनचा ब्राउझर उघडला. बातम्यांचं पान मागितलं. सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही, असं उत्तर आलं. रेल्वे मागितली. तेच. हवामान. तेच. आजकाल प्रत्येक पान दारात ओळख पटवून मागतं, आणि फोनच्या पोटात विश्वासू वडीलधाऱ्यांची एक यादी असते, तिच्यावरून तो कुणाचं खरं मानायचं ते ठरवतो. ई६३ च्या यादीतले बहुतेक वडीलधारे केव्हाच मुदत संपून गेले, आणि नवे आले त्यांची त्याला ओळख नाही. व्हॉट्सॲपनेसुद्धा ३० जून २०१७ नंतर त्याच्या सिम्बियन घराण्याशी बोलणं टाकलं. म्हणजे पंगतीत पाट मिळाला, पान मांडलं, वाढपी समोर येऊन उभा राहिला, पण ताटातलं एकही चावता येईना.

मी सुमारे वीस पत्ते घालून पाहिले. शेवटी काहीतरी उघडावं म्हणून १९२.१६८.१.१ घातलं. उघडलं! आमच्याच राउटरचं पान, अर्धंमुर्धं, चित्रं गळालेली, पण उघडलं. अख्ख्या इंटरनेटवर आईच्या फोनशी बोलायला तयार असलेली एकच वस्तू निघाली, आणि ती तिच्या देवघराशेजारी, कुंकू लावून बसलेली होती.

मला फार वाईट वाटलं. दोन आठवडे, रिची स्ट्रीट, झेंडूचा एच, सगळं या एका पानासाठी. मी तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत आतल्या खोलीत गेलो. ती कपाटाशेजारी, चार्जरची वायर पुरेल तितकी पुढे येऊन, वाईच्या मावशीशी बोलत होती. साध्या फोनवरून, साध्या टॉवरवरून, पंधरा वर्षं बोलत आलीय तशीच मोठ्याने, कारण वाई लांब आहे.

"अगं हो, माझ्या फोनला पण आहे आता. वायफाय. नाही, वेगळं आहे माझं, घरचं. बाकीचे सगळे पाहुण्यांच्यात." थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "काय करायचं त्याचं? काही नाही गं. रात्री बंद करून ठेवते, बॅटरी जाते." पुन्हा पलीकडून काहीतरी. "छे, कशाला वापरायचं? तुझ्याकडे नाही का चांदीचं तांब्या-भांडं? असावं घरात."